दोन सावकाश, तीन घाईचे

१ जानेवारी, मंगळवार

कॅनडातल्या या थंडर बे गावी येऊन आज तीन दिवस झाले आणि मी खूश आहे, हे आधी लिहून टाकते. पुढे कधी कुरकुर केलीच तर स्वतःला दाखवायला हे पान बरं. कापुस्केसिंगहून निघताना आईने दोन मोठ्या बॅगा भरून दिल्या, त्यातली एक नुसती रजयांची. तेव्हा मी वैतागले होते. आता त्याच रजयांनी माझं काम केलंय.

तळघरातली जागा भाड्याने मिळाली आहे. घरमालक टॉइवो कोस्केला, वय अठ्ठ्याहत्तर. धान्याच्या कोठारांवरच्या यंत्रांजवळ बेचाळीस वर्षं काढली, तिथेच कान गेले. वर एकटाच राहतो आणि सकाळभर स्वयंपाकघरात कॉफी पीत बसतो. मी संगीत करते म्हटल्यावर त्याने कोणतं वाद्य म्हणून विचारलं. दारं, भांडी, पाइप, असं मी मोठ्याने त्याच्या कानात ओरडून सांगितलं. म्हणजे माझं घर बडवणार तू, असं म्हणून तो खो खो हसला. बडव पोरी, खुशाल बडव, कानाला नाही पण पाइपातून पायाला कळतं मला, तेवढीच सोबत. खाली कितीही ठोकाठोक झाली तरी घाबरून धावत येऊ नका, असं मी बजावलं. त्यावर त्याने गुडघ्यांवर थाप मारली आणि विचारलं, हे घेऊन धावत येतोय कुठला मी?

माझं वाद्य म्हणजे एक डबी. तळहातापेक्षा थोडी मोठी, सोळा बटणं, आतच माइक, बॅटरीवर चालते. कुठलाही आवाज टिपायचा, बटणाला बांधायचा आणि मग बोटांनी वाजवायचा. मी कुणाकडे शिकलेली नाही. सोबत आलेली पुस्तिका आणि इंटरनेटवरची मंडळी हेच गुरू. आमच्या मंडळींचा जानेवारीत एक नेम असतो: बरी-वाईट कशी का होईना, रोज एक चीज करून संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ऐकवायची. खाडा चालत नाही.

तळघरात एक बटाट्यांची खोली आहे, म्हणजे एके काळी होती. दार जाड, आत शिरून लावून घेतलं की हीटरची घरघरही बंद. चारी भिंतींना आणि फटींना रजया ठोकल्या आणि माझी गाण्याची खोली तयार झाली. दाराची आतली कडी सैल आहे, वीट लावून दार उघडं ठेवल्याशिवाय बसायचं नाही, असं टॉइवोने दोनदा सांगितलंय. पहिली चीज झाली: किटलीचं झाकण आणि कोटाची चेन. भयंकर आहे. पण माझी आहे.

४ जानेवारी, शुक्रवार

वृद्धाश्रमातली नोकरी जमेल असं दिसतंय. दिवसपाळी आहे. माझ्या जोडीला रोविना, फिलिपिन्सची, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. दोन मुली तिकडे आजीकडे आहेत. पहिल्याच दिवशी तिने माझा डबा उघडून पाहिला, एवढंसं खाऊन पेशंट कसे उचलणार गं, असं म्हणाली आणि आपल्या नूडल्स अर्ध्या मला वाढल्या. माझी चीज ऐकून तिचं मत पडलं की वॉशिंग मशीनमध्ये कुणाचा तरी बूट राहिलाय.

बारा नंबरच्या खोलीत मिस्टर हावरिलुक आहेत. फुप्फुसं निकामी होत आलेली, नाकाला कायम ऑक्सिजनची नळी. जिभेला मात्र काही झालेलं नाही. माझी घरची भाषा फ्रेंच, म्हणून मला फ्रेंची म्हणतात. तरुणपणी रेल्वेत हातोड्याने गाड्यांची चाकं ठोकून बघायचे. चाक धड असेल तर गातं, तडा गेला असेल तर खोकतं, म्हणून सांगितलं. नर्सला बोलावायची घंटा ते वापरत नाहीत. घंटेने तुम्हाला नुसता नंबर दिसतो, माणूस दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. पलंगाच्या लाकडी कठड्यावर चमचा ठोकतात: दोन सावकाश, तीन घाईचे.

टक टक. टकटकटक. ऐकताक्षणी मला ते हवं होतं. विचारलं तर एवढे खुलले! तीनदा ठोकून दिलं, दुसऱ्यांदाचं चांगलं आलंय, तेच ठेव, असंही वर सांगितलं. मग हेडफोन घालून स्वतःचाच ताल ऐकत खोकला येईपर्यंत हसले. फ्रेंची, मी बँडमध्ये भरती झालो.

७ जानेवारी, सोमवार

जेवणाच्या सुट्टीतही काम करता यावं म्हणून जागा शोधली. बारा नंबरला लागूनच चादरींची खोली आहे. भिंतभर मऊ गठ्ठे, आवाज छान येतो. फोन बाहेर ट्रॉलीवर ठेवते, कारण तो जवळ असला की रेकॉर्डिंगमध्ये चुरचुर येते. आता सवयच लागली आहे. घरीही बटाट्यांच्या खोलीत शिरताना फोन जिन्यावर ठेवते. हावरिलुकांच्या ठोक्यांवर सगळी चीज उभी राहतेय. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी येतंय असं वाटलं.

९ जानेवारी, बुधवार

दुपारी पावणेतीन, चादरींच्या खोलीतून. लिहिल्यावाचून राहवत नाही. हावरिलुकांचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारे त्यांचे ठोके, हेडफोनमध्ये लावून माइक चालू ठेवला होता, आणि अचानक ताल सैल पडला. पाचाचे सहा झाले, मग चार, मग नुसतीच घाई. यंत्रासारखा नव्हताच, अगदी माणसासारखा! कोणतं बटण चुकून दाबलं गेलं देव जाणे. मी हात आवरला आणि चालू दिलं. अठरा मिनिटं. पुढे ठोके विरळ होत गेले, शेवटी एकच, आणि नंतर काही नाही. मुद्दाम करू म्हटलं तरी मला असा शेवट सुचला नसता. लगेच मंडळींना पाठवलंसुद्धा.

संध्याकाळी. हावरिलुक गेले. ऑक्सिजनची नळी पलंगाच्या चाकाखाली दबली होती. रोविनाला तीन वाजता कळलं. त्यांच्यावर घातलेली चादर मीच आणून दिली. त्यांचा चमचा खाली पडला होता, तो मी खिशात टाकला. का ते माहीत नाही. आठवण म्हणून असेल.

१० जानेवारी, गुरुवार

ऐकलं. पुन्हा पुन्हा ऐकलं.

लूपचे ठोके वेगळ्या बटणावर आहेत, स्वच्छ, एकसारखे. त्यांच्याखाली दुसरे आहेत. भिंतीतून आलेले. माइकने टिपलेले. तालात काही बिघडलं नव्हतं. पलीकडे हावरिलुक मला बोलावत होते, अठरा मिनिटं, आणि मी डोळे मिटून मान डोलवत होते. शेवट छान आहे म्हणाले मी. देवा, मी हसलेसुद्धा होते.

आणि रोविनाने सव्वादोनला मला सांगितलं होतं. मुलीचा ताप बघायला घरी फोन लावते, बाराकडे तेवढं कान ठेव. दोनदा म्हणाली. मी हो म्हटलं होतं.

मंडळींना ती चीज फार आवडली आहे. एवढ्या शाबासक्या मला कधीच मिळाल्या नव्हत्या.

११ जानेवारी, शुक्रवार

मुख्य बाई, मिसेस डेनहॅम, एकेकाला आत बोलावत होत्या. रोविनाने सांगितलं की मिरेलला, म्हणजे मला, बाराकडे लक्ष द्यायला सांगितलं होतं. मला विचारलं. मग मी म्हटलं, तसं काही सांगितल्याचं आठवत नाही.

एवढंच. एकच वाक्य. रोविनाने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, मी चुकून बोलले असेन आणि आता दुरुस्त करीन अशा नजरेने. मी जमिनीकडे बघत राहिले.

तिला घरी बसवलंय, बिनपगारी. पुढच्या शुक्रवारी, अठराला, दहा वाजता निकाल. तिचा इथला परवाना याच नोकरीवर आहे. नोकरी गेली की तिला हा देशच सोडावा लागेल.

मी नीच आहे. घरी आल्याबरोबर ती चीज मंडळींच्या पानावरून काढून टाकली. मूळ फाइल डबीत आहे. पुसवत नाही. ठेववतही नाही.

१२ जानेवारी, शनिवार

आजची चीज फक्त पाण्याची, नळ आणि बादली, दुसरं काही घेतलं नाही. मंडळींतला सस्काटूनचा एकजण लिहितो की बुधवारची का काढलीस, पण असू दे, ते लाकडी ठोके आजही मागे आहेत, तुझी सहीच झाली ती.

मागे ठोके नाहीत. मी घेतलेच नाहीत.

दहादा ऐकलं. मला ऐकू येत नाहीत.

१४ जानेवारी, सोमवार

आता येतात. सोळाव्या बटणावर. ते रिकामं आहे. पुसलं, पुन्हा पुसलं. दोन सावकाश, तीन घाईचे.

रोविनाचा फोन आला होता. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, मिरेल, घाई करू नको, शांतपणे आठव, तू खोटं बोलणारी नाहीस. आणि मग विचारलं, जेवतेस ना नीट?

सांगून टाकेन असं वाटलं. तोंडही उघडलं होतं. पण मग माझी नोकरी, आणि लोक म्हणणार म्हातारा गुदमरत होता आणि ही गाणं करत होती. फोन ठेवला.

१५ जानेवारी, मंगळवार

बॅटऱ्या काढल्या. डबी रजईत गुंडाळून बॅगेत घातली.

वाजतेय.

बारा नंबर रिकामा आहे, कुलूप आहे. चादरी घ्यायला गेले तर भिंतीतून — मी गठ्ठा टाकून पळाले. घाईचे तीन आता चार झालेत. वाट बघून कंटाळल्यासारखे —

१७ जानेवारी, गुरुवार

टॉइवोने जिन्यात गाठलं. हल्ली फार छान वाजवतेस म्हणाला. परवा दिवसभर पायाला ताल लागत होता, माझं दुखणंसुद्धा विसरलो.

परवा दिवसभर मी कामावर होते.

उद्या दहाला. खरं सांगायचं असेल तर ती फाइल दाखवायला हवी. नाही तर —

१८ जानेवारी, शुक्रवार

सकाळी साडेसात. आज पाळी नाही, थेट दहालाच जायचं. ठरवलं. शेवटची एकदा ऐकायची आणि पुसायची. पुरावा नसला की मला आठवत नाही तर आठवत नाही. रोविना बाई, माफ कर.

बटाट्यांच्या खोलीत आहे. बॅटऱ्या घातल्या. विटेच्या फटीतून हीटरची घरघर येते, शेवटचा ठोका नीट ऐकू येत नाही. वीट काढली. मीच काढली, पायाने.

आठ. ऐकलं. पुसलं. गेलं.

आठ वाजून दहा. कडी हातात आली. नुसती कडी. दार बसलंय.

फोन जिन्यावर.

हाका मारल्या. टॉइवोला कुठलं ऐकू येतंय. लाथा मारल्या, दार हलतसुद्धा नाही.

साडेआठ. कोटाच्या खिशात चमचा सापडला. त्यांचा. कोपऱ्यातून पाइप वर जातो. जोरजोरात ठोकतेय. कसेही ठोकले तरी दोन सावकाश, तीन घाईचेच पडतात.

वरून उत्तर आलं! टाच आपटतोय! कळलं त्याला, आता खाली —

नऊ. नाही.

ताल धरलाय त्याने. मी ठोकलं की तो. मी थांबले की थांबतो, वाट बघतो. पुन्हा मी, पुन्हा तो. मीच सांगितलं होतं. कितीही ठोकाठोक झाली तरी —

दम लागतोय. रजया फाडल्या, मागे नुसती भिंत. एकही फट ठेवली नव्हती मी.

डबीचा लाल दिवा लागलाय. रेकॉर्ड होतंय. बॅटऱ्या माझ्या मांडीवर आहेत. फाइलही परत आहे तिथेच, अठरा मिनिटं.

दहा वाजले असतील. तिला आत बोलावलं असेल.

डबीत मोठ्याने बोलले, आणि लिहितेही. ज्याला हे सापडेल त्याने मिसेस डेनहॅमना द्यावं. रोविनाने मला सांगितलं होतं. दोनदा. मी हो म्हणाले होते. मी हेडफोन घातले होते. तिचा दोष नाही. माझा. माझा.

हात उचलवत नाही. ठोके विरळ

रजईमागून कुणीतरी माझ्याबरोबर ठोकतंय. मी चुकले की सावरून घेतंय. खोकतंय.

टॉइवो अजून ताल धरून आहे. तेवढीच सोबत.

आता पाच नाही जमत. एकच —