कंडेन्सर बसला की बोलतो

१८ ऑक्टोबर १९६४, बुलढाणा
निर्णय पक्का. वकीलसाहेबांचं गवत कापायचं मशीन मी स्वतः दुरुस्त करणार, आणि ज्या दिवशी ते सुरू होईल त्याच दिवशी त्यांच्या मुलीला, चारुलतेला, मागणी घालणार. मी त्यांच्या आउटहाउसमधला भाडेकरू, जिल्हा परिषदेत कारकून. रिकाम्या हाताने विषय काढणं बरं दिसत नाही. काहीतरी करून दाखवलं की वजन पडतं.
मशीन बदली झालेल्या कुण्या साहेबाच्या लिलावातलं. थोडं चालतं, तापलं की मरतं. प्लग साफ केला की झालं. दिवाळीच्या आत काम फत्ते.

२१ ऑक्टोबर
प्लग साफ केला. आता मशीन अजिबात चालत नाही. ही प्रगतीच म्हणायची. आधी दोष लपून होता, आता उघड झाला.
माळी उकंडराव बघत बसले होते. काऊन त्याच्या मागं लागले भाऊ, मी इळ्यानं दोन रोजात कापून देतो, म्हणाले. त्यांना यंत्रयुगाबद्दल समजावून सांगितलं. हाव हाव म्हणत तंबाखू मळत राहिले.

२९ ऑक्टोबर
स्टँडवरच्या मेकॅनिकला दाखवलं. कंडेन्सर गेला म्हणाला. करंगळीएवढी डबी, पण ती गेली की पॉइंट्स, म्हणजे आतली एकमेकांना टेकणारी दोन टोकं, जळतात आणि प्लगला ठिणगी मिळत नाही. मलाही तोच संशय होता, फक्त नाव माहीत नव्हतं. अकोल्याहून मागवला आहे. आता उशीर होतोय तो माझ्यामुळे नाही.

८ नोव्हेंबर, दिवेलागणीला
तुळशीपाशी दिवा लावून चारुलता माझ्या ओट्याशी आली. मशीन कधी सुरू होणार, असं विचारलं. मग जरा थांबून विचारलं, तुम्हाला आणखी काही बोलायचं होतं का? मी म्हटलं, आहे, पण कंडेन्सर बसला की बोलतो. बरं म्हणाली. तरी तिथेच उभी राहिली. माझे हात ग्रीसने भरलेले, अशा हातांनी माणूस काय बोलणार! शेवटी तिच्या आईने, काकूंनी, आतून हाक मारली.
संयम दाखवला. छाप पडली असावी.

१५ नोव्हेंबर
वकीलसाहेबांकडे अकोल्याचे पाहुणे. आई, वडील आणि चष्मेवाला मुलगा. पक्षकार असावेत. पोहे केले होते, मलाही बशी आली. चारुलता नवी साडी नेसून होती. डोळे लाल दिसले. कांदा.

१९ नोव्हेंबर
मोठी बातमी! वकीलसाहेबांनी बोलावून माझं गोत्र विचारलं. शांडिल्य म्हणताच खूश. वा, म्हणजे आमचंच की, म्हणाले. उपवर मुलीचा बाप गोत्र कशाला विचारतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. सगोत्राची अडचण खरी, पण कायद्याने ती आता उरलेली नाही, आणि वकिलाला कायदा कोण शिकवणार? माणूस सुधारक निघाला. तिथल्या तिथे विषय काढणार होतो. पण कंडेन्सर यायचा होता. ठरलं म्हणजे ठरलं.

२४ नोव्हेंबर
कंडेन्सर आला! एसटीच्या ड्रायव्हरने रुमालात बांधून आणला. बसवला. पॉइंट्सच्या फटीत कागद घालून काजळी घासून काढायची असते. साधा कागद नाही घेतला. गेल्या वर्षी काकू आणि चारुलता माझ्या गावाहून, धाडहून, माझ्याच बसने आल्या तेव्हा तिकिटं मी काढली होती. तिचं गुलाबी तिकीट तेव्हापासून माझ्या पाकिटात आहे. त्याचाच एक तुकडा फाडला. शकुन चांगला.
दोरी ओढली. पुन्हा ओढली. ओढतच राहिलो. ठिणगीच नाही. खांदा भरून आलाय. नवा कंडेन्सरच खराब असणार. दुसरा मागवला.

२७ नोव्हेंबर
काकूंनी सुतळीने माझ्या डोक्याचं माप घेतलं. टोपी चालेल ना, विचारलं. घरात कार्य आहे, नऊ डिसेंबर धरलाय, हिरवळीवर मांडव घालू, तुम्ही काय घरचेच, म्हणाल्या. तारीख काढताना मला विचारायला हवं होतं, पण जुन्या माणसांच्या पद्धती असतात. टोपी चालेल म्हणालो.
धाडला घरी कळवावं का? नको. आधी मशीन.

२ डिसेंबर
सकाळपासून उकंडराव आणि त्यांची बायको सोजराबाई विळ्यांनी गवत कापत होते. मी भडकलो. दुसरा कंडेन्सर येतोय, थांबा म्हटलं. उकंडराव म्हणाले, मांडवाचं काम थांबते काय भाऊ, अकोल्याचं वऱ्हाड येऊन राह्यलं. अकोल्याचं कशाला, असं मी विचारलं. त्यांनी विळा खाली ठेवला. सोजराबाई म्हणाली, अगं माय, यायले कोनी सांगतलंच नाही!
तो चष्मेवाला. प्रोफेसर आहे.
आणि गोत्र? तेही सोजराबाईनेच सांगितलं. चारुलतेला भाऊ नाही. लाजाहोमात तिच्या ओंजळीत लाह्या घालायला भाऊ लागतो, नवऱ्या मुलाचा कान पिळायला भाऊ लागतो. सगोत्र कुणी मिळाला तर उत्तम, असं गुरुजी म्हणाले होते. टोपी कानपिळीच्या मानाची. वरपक्ष देणार, त्यांना माप कळवायचं होतं.
मी शांत आहे. छाती दुखतेय ती दोरी ओढल्यामुळे असावी.

९ डिसेंबर
लग्न लागलं. तिच्या ओंजळीत लाह्या घातल्या. बऱ्याच सांडल्या. गुरुजी म्हणाले, सावकाश. मग कान. सगळे ओरडले, जोरात पिळा, जोरात! मी हळूच पिळला. तो हसला. चांगला माणूस आहे. वाईट असता तर सोपं गेलं असतं.
टोपी घट्ट होते.
निघताना तिने सगळ्यांना वाकून नमस्कार केला, मलाही. दादा मात्र म्हणाली नाही.

१३ डिसेंबर
दुसरा कंडेन्सर आला. बसवण्यासाठी मशीन उघडलं. पॉइंट्सच्या मध्ये गुलाबी तिकिटाचा तुकडा तसाच. घासून झाल्यावर मी तो काढलाच नव्हता. पॉइंट्स एकमेकांना टेकतच नव्हते, ठिणगी कुठून पडणार? पहिला कंडेन्सर चांगला होता.
तुकडा काढला. पहिल्याच ओढीला मशीन सुरू झालं.
कापायला काही नव्हतं. गवताचे खुंट आणि मांडवाच्या खांबांचे खड्डे. वकीलसाहेब धावत बाहेर आले, शाबास म्हणाले. चारूला पत्रात लिहितो, फार आनंद होईल तिला, म्हणाले. रोज विचारायची, सुरू झालं का, सुरू झालं का. आम्ही म्हणायचो, तुला गं काय करायचंय त्या मशीनचं?
मी मशीन बंद केलं. आवाज फार होत होता.