धक्क्यावरचे न बोललेले दिवस

९ मार्च, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे आम्ही दोघंही बरे आहोत, आणि हे नुसतं लिहायची पद्धत म्हणून लिहीत नाहीये.

दोन आठवडे तुझा फोन घेतला नाही. ‘ती शाळेत आहे’, ‘ती झोपलीय’ अशा थापा यांनी मारल्या. यांना थापा मारता येत नाहीत, तुला कळलंच असेल. मी रोज पहाटे बंदराच्या धक्क्यावर फिरायला जात होते, एवढं मात्र खरं. भरती असली की कठड्यावरून पाणी पायांवर उडतं. जाळी विणणारे आपल्या कामात असतात. कुणाशी बोलावं लागत नाही.

एक निवृत्त पोस्टमन तेवढे बरोबर चालायचे. मी नुसती मान हलवायचे. मला बोलता येत नाही असं समजून त्यांनी मन मोकळं करायला सुरुवात केली. सुनेशी धरलेला अबोला, साखर बंद असताना लपवलेला पेढ्यांचा डबा, आणि तरुणपणी उघडून वाचलेलं दुसऱ्याचं एक पत्र.

आता माझं सांगते. माझ्या घशात गाठ होती. ती काढून तपासायला पाठवली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दोन आठवडे एक शब्द नाही. तुला कळवलं नाही, कारण आईचं दुखणंही घशापासूनच सुरू झालं होतं आणि तिचं सगळं तू एकटीनं काढलंस. मी परीक्षेचं कारण सांगून लांब राहिले. ते नुसतं कारण होतं, ताई. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

काल रिपोर्ट आला. साधी गाठ निघाली. यांनी तो तीनदा वाचला, मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून बराच वेळ उभे राहिले.

आज बोलायला परवानगी. धक्क्यावर पोस्टमन दिसताच म्हटलं, “नमस्कार.”

ते जागच्या जागी थबकले. “तुम्हाला बोलता येतं?”

“आजपासून.”

“आणि ऐकू?”

“ते पहिल्यापासूनच.”

बिचारे पांढरेफटक पडले. म्हणाले, “सुनेला सांगू नका.” मग दोघंही इतके हसलो की जाळीवाले वर बघायला लागले. घसा दुखला, पण हसू आवरेना.

घाईनं निघून येऊ नकोस, असं लिहिणार होते. पण ये. माझ्यावर रागवायचं असेल तर इथे येऊन रागव.

तेव्हा तुला एकटीला सोडलेली,
तुझी धाकटी