मिरी बसली की

सोमवार, ४
एकदाचा सरहद्दीच्या चौकीवर रुजू झालो. शिपायांपेक्षा माशा जास्त, पण खोली ऐसपैस आहे. मादक मालाचे ट्रक पकडायला लष्कराने माझ्या हाती मिरी दिली. काळी, ठेंगणी कुत्री, पण नाक तिखट. ती भुंकत नाही; माल सापडला की गुपचूप खाली बसते. बसली की मी नोंदवहीत लिहायचं, सही करायची, संध्याकाळी वही साहेबांकडे द्यायची.

माझ्या आधी तिला सांभाळणारा जवान माल घेऊन पळाला म्हणतात. त्याचे बूट खाटेखालीच आहेत. मिरी त्यांवर हनुवटी टेकून झोपते. बायकोला कळवलं, रविवारी लेकीला घेऊन ये.

बुधवार, ६
ट्रकच्या जादा चाकात अकरा पुड्या निघाल्या. साहेबांनी पाठ थोपटली. मिरीपेक्षा मीच जास्त फुगलो.

शनिवार, ९
आज मिरी साहेबांच्या जीपमागे बसली. मला हसू आलं. पकडलेला माल त्याच जीपमधून जातो, वास राहणारच. तरी लिहिलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं बायको उगाच म्हणत नाही. उद्या त्यांना आणायला जीप मोकळी नाही, म्हणून त्या दोघींना पुढच्या रविवारी बोलावलंय.

साहेबांनी वाचलं, हसले. म्हणाले, "आधीचाही असाच होता. काही सोडायचा नाही."

रविवार, १०
वही परत आली. कालचं पान नाही. मागेही तीन पानं फाडलेली दिसली. आचाऱ्याला विचारलं, तर त्याने चहा पुढे केला आणि म्हणाला, हाताची घडी, तोंडावर बोट.

बुधवार, १३
कुत्र्यांच्या रिकाम्या खोलीमागे ताजं सिमेंट आहे. मिरी तिथे बसत नाही. आडवी होते, हनुवटी टेकते. बुटांवर टेकते तशीच. दोन दिवस जेवली नाही.

पळणारा माणूस बूट कशाला सोडेल?

शुक्रवार, १५
बायकोला येऊ नको सांगायचं होतं. फोन साहेबांच्या खोलीत. ते म्हणाले, मीच बोललो वहिनींशी. आणायला जीप पाठवतो.
मला भीती वाटते. लिहून टाकतो, भीती वाटते.

रविवार, १७, दुपार
मिरी माझ्या ट्रंकेसमोर बसली. दोनदा उठवली. दोनदा बसली.
गणवेशाखाली पुड्या. माझ्या नाहीत. देवाशप्पथ माझ्या नाहीत —
म्हणजे आता मीही माल घेऊन पळालेला.

जीप आली. लेक हसतेय. साहेब तिला सांगताहेत, बाबा आत आहेत, हाक मार —
ही रोजनिशी आधीच्या जवानाच्या बुटात ठेवतो. कोणी —
मिरी दाराशी गेली. शेपूट हलत नाही. ती खाली बस