तळहाताचा फोड

३ तारीख, सोमवार

पोचलो. गोदीच्या फाटकासमोरच दोन खोल्या मिळाल्या. खिडकीतून पाण्याबाहेर काढलेल्या बोटींची बुडं दिसतात. ठकी बेहद्द खूश. तिची आई गेल्यापासून मुक्काम हलवायचा म्हटलं की रुसायची; आज स्वतःच्या बाहुल्या स्वतःच मांडल्या. सहा वर्षांची आहे, पण घर माझ्याआधी तिचं झालं.

काम साधं आहे. एक जुनी फायबरची बोट, बुडाला फोड आलेले. ते नुसते रंगाखालचे, की आत ओल मुरली आहे, एवढं मी सांगायचं. मुकादम म्हणाला, म्हणजे साहेब, तुम्ही बोटींचे कातडीचे डॉक्टर, माझ्या खरजेचंही बघा जाता जाता. बोटीचा मालक म्हातारा, अबोल. एवढ्या उकाड्यात हातमोजे. म्हणाला, हिला तळहाताच्या फोडासारखं जपलंय. मी म्हटलं, मग फोड येणारच. मुकादम खो खो हसला. मालक ठकीकडे बघत राहिला.

४ तारीख, मंगळवार

हातोडीने सगळं बूड वाजवून घेतलं. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं तर खडूची खूण. ठकी मागे मागे. बोटीला हात लावून म्हणाली, बाबा, हिला ताप आलाय. उन्हाने तापली असेल, मी म्हणालो. बूड सावलीत होतं.

एक फोड टोचला. रंगाखालच्या फोडातून साधं पाणी येतं. यातून पिचकारी उडाली. व्हिनेगरसारखा वास, बोटांना बुळबुळीत. म्हणजे दुखणं आतलं. थोडं ठकीच्या तळहातावर उडालं, लगेच साबणाने धुतलं. अहवाल दिला: बाहेरचा थर मशीनने पूर्ण सोलावा, बूड सुकू द्यावं, नवा थर चढवावा.

५ तारीख, बुधवार

ठकीच्या तळहातावर फोड आलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रसायन बाधलं, मलम लावा.

नमुन्यासाठी बोटीचे आणखी काही फोड टोचले. घरी आलो तर तिच्या पाठीवर नवे.

मालक भेटला. आज हातमोजे नव्हते. तळहात तान्ह्या मुलासारखे कोवळे. माझा हात हातात घेऊन म्हणाला, आता तुम्ही जपा.

७ तारीख, शुक्रवार

पाठीवरचे फोड खडूच्या खुणांशी ताडून पाहिले. तीच ओळ. तसंच अंतर.

खात्री हवी होती. ठकी खिडकीत बसलेली असताना गोदीत गेलो आणि एक फोड टोचला. किंकाळी रस्त्यापलीकडून तिथपर्यंत ऐकू आली.

तो फोड रेझिनने भरून टाकला. संध्याकाळी पाहिलं, तिच्या पोटरीवर त्या जागी कातडी कडक, चकचकीत. नखाने वाजवली.

खणखणीत.

८ तारीख, शनिवार

अहवाल मागे घेतला. चुकलो, बोट ठणठणीत आहे, असं लिहून दिलं. मुकादम म्हणाला, साहेब, वास मीही घेतलाय. मग खरं ते सांगितलं. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, दोन दिवस झोप काढा म्हणाला.

मालकाच्या पाया पडलो. तो म्हणाला, इतकी वर्षं हिला सोलायची हिंमत झाली नाही. सोलले गेले असते ते माझे हात. आता उरकून घेतो.

बोटीखाली आडवा पडलो. ओढून बाहेर काढलं. फाटकातून आता आत सोडत नाहीत.

९ तारीख, रविवार

तिला घेऊन बसने निघालो. जाता येईल तितकं लांब. ती विचारते, दुखतंय मला, तर तू का रडतोस.

१० तारीख, सोमवार

परगाव. लॉजची खोली. वाटलं, लांब गेलं की—

मुकादमाला फोन. हात जोडले. फोनवर त्याला काय दिसणार. म्हणाला, साहेब, तुम्हीच तर लिहून दिलंत, पूर्ण सोला. मशीन लावतोच आहे. अगदी तळापासून. ऐका हवं तर.

ऐकलं—

ठकी पलंगावर. पाय झाडते आहे. म्हणते, बाबा, तळव्याला कुणीतरी गुदगुल्या करतंय.

हसते आहे. अजून हसते आहे. अजून—