लिहिता येतं, वाचता येत नाही

२ फेब्रुवारी

घरी आणलं. आत शिरताना उजव्या चौकटीवर खांदा आपटला. चौकट तिथे आहे हेच दिसलं नाही! उजवीकडचं अर्धं जग गेलंय. ते गेलं तर गेलं. दुसरं जे गेलं त्याचं काय करू?

मेंदूत गुठळी झाली म्हणे. हातपाय शाबूत, आठवण शाबूत, जीभ शाबूत — हिच्या मते जरा जास्तच. फक्त वाचता येत नाही. अक्षर दिसतं. काळंभोर, स्वच्छ दिसतं. पण ते 'ग' आहे की 'म' आहे की नुसती कागदावर बसलेली मुंगी आहे, ते कळत नाही.

डॉक्टर पोरगेलासाच आहे. म्हणाला, "आजोबा, मनात येईल ते एक वाक्य लिहा." लिहिलं. हात सरसर चालला. मग तोच कागद माझ्यापुढे धरून म्हणाला, "आता वाचा." नाही आलं! माझंच अक्षर, शाई वाळली नव्हती, आणि नाही आलं. शेवटी त्यानेच वाचून दाखवलं: "मला काहीही झालेलं नाही." नर्सने हसू दाबायला तोंड फिरवलं.

मग मी त्याला माझं काम काय ते सांगितलं. जन्मभर मी लिप्या वाचत आलो. ब्राह्मी, आणि ब्राह्मीची सगळी लेकरं. डोंगर चढून बर्फात गेली ती, गलबतातून समुद्रापलीकडे उतरली ती. तिबेटी, सिंहली, बर्मी, ख्मेर, थाई, जावानीज. अख्खं खानदान ओळखीचं. कुणाचं नाक कुणावर गेलंय ते मी सांगत असे. एका सकाळी सगळ्यांनी मिळून मला वाळीत टाकलं.

आता हे लिहितोय तेही लिहून झालं की मला बंद. असू दे. कुणावर तरी ओकायला हवं.

३ फेब्रुवारी

पेपर आला. घडी न मोडता परत दिला. हिने तो रद्दीवर ठेवला. काही बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

६ फेब्रुवारी

संस्थेतून पुस्तकाची प्रूफं येणार. 'हे पुस्तक म्हणजे माझं आयुष्य' असं म्हणणाऱ्यांची मला चीड होती. आता काय, मीच त्यांच्यात.

सगळं पुस्तक एका दगडावर उभं आहे. समुद्रापलीकडच्या एका बेटावरचा शिलालेख, चार ओळींचा. सगळे म्हणतात, आपली लिपी त्या बेटावर उशिरा पोचली. मी म्हणतो, त्याच्या दोनशे वर्षं आधी. कारण त्या दगडावरच्या अक्षरांची डोकी साधी आहेत. जुन्या अक्षरांची साधीच असायची. पुढे छिन्नीवाल्यांनी प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर बारीक तिकोनी खूण मारायची टूम काढली. आम्ही तिला पाचर म्हणतो. पाचर असली तर लेख नवा, नसली तर जुना. इतकं सोपं आहे.

फोटोत अक्षरांच्या डोक्याशी काही डाग दिसतात. मी म्हणतो, ते दगडाचे टवके. पट्टशिष्य म्हणतो, पाचरा आहेत.

हा पट्टशिष्य ब्राह्मीचा 'क' माझ्या हाताखाली शिकला. तो 'क' म्हणजे नुसती अधिकाची खूण, तीही त्याला धड काढता येत नव्हती! आता संस्थेत माझ्या खुर्चीत बसतो. निरोप पाठवलाय, "सर, छापण्याआधी दगड पुन्हा एकदा पाहा."

पाहा म्हणे!

हिला बजावलं. माझं वाचन गेलंय हे संस्थेत कळता कामा नये. कळलं की मी 'बिचारे सर' झालो. मग पुस्तक छापतील, हार घालतील आणि एक अक्षर खरं मानणार नाहीत. ही म्हणाली, "बरं."

१० फेब्रुवारी

ही प्रूफं वाचून दाखवते. दुसरा इलाज नाही.

बाहेरच्या खोलीत ही बायकांचे कपडे शिवते. लग्न झाल्यापासून तिकडे मशीनची घरघर, इकडे माझे शिलालेख, मध्ये पडदा. तो पडदा आता खुंटीला बांधून ठेवलाय. तोंडात टाचण्या धरून ती वाचते: "ताडपत्रावर सरळ आडवी रेघ ओढल्यास पान चिरते, म्हणून दक्षिणेकडील अक्षरांस गोलाई आली." आणि मध्येच थांबून म्हणते, "म्हणजे कापडासारखंच की. धाग्याच्या रेषेत कात्री लागली की सरळ फाटत जातं."

अगं, वाच फक्त!

इतक्या वर्षांत माझं एक पान कधी हातात धरलं नाही. आता शेरे मारते. तिला यातलं काय कळतं? 'अनुस्वार' नीट म्हणते आणि 'अभिलेखशास्त्र' आलं की ठेचकाळते. मी चिडलो. ती शांतपणे म्हणाली, "पुढचं वाचू, की तुम्ही वाचता?"

हे तिला बोलायची गरज नव्हती.

१३ फेब्रुवारी

पट्टशिष्य येऊन गेला. फळं घेऊन! आजाऱ्याला आणतात तशी, जाळीच्या पिशवीतून.

"सर, तब्येत कशी आहे?"

"तुझ्यापेक्षा बरी."

हसला. मोठे करून आणलेले फोटो टेबलावर मांडले, एक माझ्या हातात दिला. मी चष्मा पुसला, खिडकीकडे वळलो, सगळं नाटक यथासांग केलं. "आता काय वाटतं, सर?" मग मी सुरूच झालो. खारं वारं, दगडाची जात, टवके कसे उडतात, कुठे उडतात, आणि अर्धवट अक्कल असलेल्या लोकांना त्याच्या पाचरा कशा दिसतात! आवाज चढला. बाहेरची मशीन थांबली. तो ऐकत राहिला. माझं झाल्यावर त्याने फोटो माझ्या हातातून हळूच काढून घेतला आणि म्हणाला, "बरोबर आहे, सर."

बरोबर आहे? हा माणूस विद्यार्थी होता तेव्हापासून माझ्याशी भांडतोय. एकदाही 'बरोबर' म्हणाला नाही!

तो गेल्यावर ही पेले उचलत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्या हातात दिला तो दुसऱ्याच दगडाचा होता. मागे लिहिलं होतं, 'तुलनेसाठी'. तुमचा दगड सगळा वेळ टेबलावरच होता."

१४ फेब्रुवारी

फळं सडू देत.

१७ फेब्रुवारी

डॉक्टरचं एक बोलणं मी हसण्यावारी नेलं होतं. डोळ्याला जमत नसेल तर बोटाला कामाला लावा, म्हणाला होता.

आज स्वयंपाकघरात एकटाच होतो. बरणीवर चिठ्ठी. लिहितात तसं त्या अक्षरावरून बोट फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. आणि एकदम हात म्हणाला, 'म'! डोळा ढिम्म, पण हाताला आठवलं. मग वेलांटी. मग एक गोल भोपळा आणि वर शेंडी. ठ. मीठ!

केवढ्याने ओरडलो. ही धावत आली. मी म्हटलं, "मीठ!" ती म्हणाली, "हो. किती हवंय?"

सांगितल्यावर मट्‌कन स्टुलावर बसली आणि पदराने डोळे टिपायला लागली. मला रडायचं नव्हतं. डझनभर लिप्यांचा पंडित, आणि मिठाची बरणी वाचून नाचतोय! पहिलीतली पोरं याहून भराभर वाचतात.

१९ फेब्रुवारी

सकाळी पडल्या पडल्या म्हणत होतो. क ख ग घ ङ, च छ ज झ ञ. गळ्यापासून ओठांपर्यंत लावलेली रांग. कुठे कुठे गेली ही रांग! भिक्षूंनी नेली, व्यापाऱ्यांनी नेली, राजांच्या कारकुनांनी नेली. बर्मी पोरगं हेच घोकतं, ख्मेर पोरगं हेच घोकतं, आपापल्या हेलात. थाई माणसाच्या तोंडात आपला 'घ' नाही, तरी त्याने रांगेत त्याची जागा राखून ठेवली. तिबेट्यांनी मात्र सरळ काढून टाकला — व्यवहारी माणसं! चेहरे इतके बदलले की सख्खा सख्ख्याला ओळखणार नाही, पण रांग मोडली नाही.

आणि मुळात ही आली कुठून? पश्चिमेच्या लोकांची अक्षरं पाहून घडवली म्हणणारे एकीकडे, कुणाचं काही न घेता रचली म्हणणारे दुसरीकडे. परिषदांमध्ये आम्ही एकमेकांच्या उरावर बसलो. चहाच्या वेळीसुद्धा वेगळ्या टेबलांवर. त्यातले अर्धे मेले. उरलेल्यांत मी.

वंशावळ मला अजून तोंडपाठ आहे. समोर कोण उभा आहे ते तेवढं कळत नाही. उठलो, दाढी केली. उजवा गाल तसाच राहिला, हिने दाखवला.

२२ फेब्रुवारी

दगडाच्या फोटोवर बोट फिरवून पाहिलं. गुळगुळीत कागद, झिजलेली अक्षरं, रेघ कुठे संपते आणि डाग कुठे सुरू होतो ते सापडेना. फोटो फेकला.

हिने तो उचलला. जराशाने आपलं दातेरी चाक घेऊन आली, कापडावर नक्षीच्या खुणा उठवायचं. म्हणाली, "यावर पातळ कागद ठेवून सगळ्या रेघा उठवून देते. ठिपके हाताला लागतील."

कल्पना वाईट नव्हती. पण मी बजावलं, "दिसेल ते सगळं उठव. रेघ, डाग, टवका, काही सोडायचं नाही. आपली अक्कल चालवायची नाही."

"दुसऱ्याच्या मापाला मी माझी अक्कल लावत नाही," म्हणाली.

पहिला कागद वाया गेला. खरखरीत बाजू मागून आली, सगळी अक्षरं उलटी. मी बोललो, नको इतकं बोललो. तिने तो चुरगाळला, दुसऱ्यावर आधी पेन्सिलीने रेघा काढल्या आणि मग कागद उलटा करून चाक फिरवलं.

२४ फेब्रुवारी

कागद तयार झाला. ही गिऱ्हाइकाकडे गेली होती. दार लावून बसलो.

पहिलं अक्षर सापडलं. किती दिवसांनी भेटलं! दुसरं सापडलं. तिसरं. पहिली ओळ अख्खी वाचली, बोटाने, आंधळ्यासारखी.

आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पाचर.

प्रत्येकाच्या! रुंद बाजू वर, टोक खाली, सगळ्या एका मापाच्या. टवके असे उडत नाहीत. टवके कुठेही उडतात, अक्षराच्या पोटात, दोन ओळींच्या मध्ये. तिथे दगड गुळगुळीत आहे. चारही ओळी तपासल्या. पुन्हा तपासल्या. तो फोटो मी किती वेळा भिंगाखाली धरला असेल! मला टवके हवे होते, मला टवके दिसले.

म्हणजे पट्टशिष्याचं खरं. दोनशे वर्षं गेली. लिपी पोचली ती सगळे म्हणतात तेव्हाच पोचली. पुस्तकाचं पहिलं प्रकरण खोटं, शेवटचं खोटं, मधली त्यांच्या आधाराने उभी.

ही आली. विचारलं, "लागलं का काही हाताला?" म्हटलं, "ठीक आहे. जुनाच आहे." ती म्हणाली, "बरं," आणि मशीनवर बसली.

परवा प्रूफं परत जातात. मी बोलणार नाही. का बोलू? पट्टशिष्य आडवा येणार नाही. त्या दिवशी त्याने माझी कीव केली, आता जन्मभर करील. करू दे! त्याची कीव येईल माझ्या कामी. मी गेल्यावर काय खोडायचं ते खोडा. छापलेलं पुस्तक एकदा हातात धरायचंय मला. वाचता येणार नाही, निदान धरू तरी द्या.

लिहून टाकलं की बरं वाटतं म्हणतात. नाही वाटत.

२५ फेब्रुवारी

रोज नवं पान घेतो, त्यामुळे मागच्यावर कधी नजर जात नाही. आज गेली. कालच्या मजकुराखाली एक ओळ आहे आणि ती माझी नाही. मला वाचता येत नाही, पण हात कुणाचा ते अजून ओळखता येतं. माझं अक्षर डावीकडे कलंडतं. हे ताठ, सुटं, कापून ठेवल्यासारखं.

बोट फिरवलं.

"त्याला तुम्ही कळवता, की मी कळवू?"

मागचं पान उलटलं. त्याच्या मागचं. पार पहिल्या दिवसापर्यंत. सगळ्या पानांवर, माझ्या मजकुराखाली, तोच हात. कुठे एक ओळ, कुठे पान भरून. मी फुकट लिहीत होतो, आणि ती उत्तरं देत होती.

कळवतो मी. संध्याकाळी फोन लावून दे. बाकीचं सगळं वाचणार आहे, पहिल्या पानापासून. आणि अगं, यापुढे जरा दाबून लिही. बोटाला लागत नाही.