तुळसाचं हातमशीन

अहो,

आईंना मी परळला वन्संकडे पाठवलंय, त्या उद्या सकाळी येतील. म्हणजे आज खोली आपल्या दोघांची. बोंबील मसाला लावून झाकून ठेवलेत, मांजराकडे लक्ष असू द्या. पत्त्यांचा कॅट शेजारच्या अप्पांकडून मागून आणलाय, फळीवर आहे.

मागच्या शनिवारीही असाच बेत केला होता. मी गजरा माळून बसले आणि तुम्ही दोन दारं सोडून तुळसाच्या शिवणाच्या हातमशीनला तेल घालत बसलात. तळलेले बोंबील मऊ पडले, गजरा सुकला.

संपामुळे गिरणी बंद आहे, फिटरचे हात शिवशिवतात, हे मला कळतं. पण आपला स्टोव्ह दिवाळीपासून भडकतोय, त्याला तुमचा हात लागला नाही. तिचा नवरा गावी जाऊन बसल्यापासूनच तिचं मशीन दर आठवड्याला बिघडतं कसं? आणि ती चहात आलं घालते, हे मला पुन्हा पुन्हा सांगायची काही गरज नव्हती.

मी गजरा घेऊन दिवेलागणीच्या आत येते. आल्यावर दार लावून घेणार आहे. चाळ हसली तर हसू दे.

आणि 'वहिनींची अडचण झाली असेल' म्हणून चुळबुळ करू नका. ते मशीन मी दुपारीच तिच्याकडून उचलून आणलंय, खाटेखाली आहे. हवं तेवढं तेल घाला, पण माझ्यासमोर.

चहा मी करीन. आलं घालून.

गुणवंती