ताईसाठी आणलेलं स्टूल

प्रिय ताई,

हाडांच्या स्कॅनसाठी आलेल्या प्रत्येकीला मी विचारते, "उंची कमी झालीय का?" हाडं विरळ झाली की मणके खचतात, म्हणून. आज एक आजी म्हणाल्या, "वरच्या फळीवरचे डबे हल्ली हाताला लागत नाहीत बघ." मी लगेच डॉक्टरांच्या कानावर घातलं.

तूही हेच म्हणाली होतीस, "मेली फळीच वर सरकतेय!" तेव्हा मात्र आपण पोट धरधरून हसलो, आणि मी हौसेनं तुला स्टूल आणून दिलं.

त्यावरूनच पडून तुझा खुबा मोडला. काल वॉकर धरून तू शेजारणीला सांगत होतीस, "मीच वेंधळी. स्टूल मात्र धाकटीनं भक्कम आणलंय हं!"

हे पत्र तुला कुठल्या तोंडानं देऊ?

तुझी,
परक्यांची हाडं मोजणारी धाकटी